फिओदोसियाचा सागरचित्रकार : इव्हान आयवाझोव्स्की

रत्नागिरी-मालवणकडची, अलिबाग-मुरुडची किंवा गोमंतकातली जी कुटुंबे पोटापाण्यासाठी दूर मुलखात येऊन स्थिरावली, त्यांच्या घरी समुद्राचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास अनुभवास येते. आजोबांनी वर्णन केलेला गावचा धक्का, तेथे लागणारी गलबते, मृगाच्या आधी काळवंडून येणारे पाणी, हे सारे ऐकून नातवंडे सुटीत मोठ्या उत्सुकतेने गावी जातात. पाहतात तो धक्का लहानसा, पाणी शांत, आणि गलबतांच्या जागी चार होड्या नांगरलेल्या! आजोबांनी थाप मारलेली नसते. त्यांच्या मनात जो समुद्र वस्तीस राहिला, तो डोळ्यांसमोरच्या समुद्राहून निराळा झालेला असतो, इतकेच.

मनातला समुद्र आणि डोळ्यांसमोरचा समुद्र यांतील हे अंतर ज्याच्या कलेचे भांडवल ठरले, अशा एका थोर चित्रकाराची ही जीवनकथा आहे. इव्हान कॉन्स्टँटिनोविच आयवाझोव्स्की हे त्याचे नाव. ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्याने सुमारे सहा हजार चित्रे रंगविली आणि त्यांतील बहुसंख्य समुद्राची आहेत. त्याचे घर समुद्रकाठी होते. पण ज्या खोलीत बसून तो समुद्र रंगवीत असे, तिच्या खिडक्या समुद्राकडे उघडत नसत, घराच्या अंगणाकडे उघडत. या विलक्षण चित्रकाराचे पूर्वज एका देशाचे, जन्म दुसऱ्या भूमीत आणि कीर्ती तिसऱ्याच ठिकाणी. एका गावचे असून दुसऱ्या गावी संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे चरित्र म्हणूनच जवळचे वाटावे.

बंदर आणि बालपण

काळ्या समुद्राच्या उत्तर अंगास क्रिमिया नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर फिओदोसिया हे फार जुने बंदर आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात ग्रीकांनी ते वसविले. मध्ययुगात जिनोआच्या इटालियन व्यापाऱ्यांनी काफा या नावाने त्यास भरभराटीस आणले. १४७५ मध्ये ते तुर्कांच्या हाती गेले आणि १७८३ मध्ये क्रिमियाबरोबर रशियन साम्राज्यात आले. धनी बदलत गेले, तशी धक्क्यावरची माणसेही वाढत गेली. ग्रीक, तातार, ज्यू, आर्मेनियन, रशियन अशा नाना भाषा तेथे एकाच वेळी कानी पडत.

या गावी २९ जुलै १८१७ रोजी एका आर्मेनियन कुटुंबात आपल्या चित्रनायकाचा जन्म झाला. सेंट सार्किस या आर्मेनियन चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचे नाव होव्हानेस असे नोंदले गेले. घराण्याने मूळ आर्मेनिया कित्येक पिढ्यांपूर्वी सोडलेला होता, आणि वडीलही गॅलिशियाकडून येऊन फिओदोसियात व्यापारी म्हणून स्थायिक झाले होते. वडिलांना अनेक भाषा अवगत होत्या. पण १८१२ च्या प्लेगच्या साथीत गावाची दैना उडाली, व्यापार बसला आणि घरात दारिद्र्य आले. आई उत्तम भरतकाम करी. तिच्या सुईचा संसाराला मोठा आधार होता.

आर्मेनियन समाज आपल्याला अगदीच परका नाही. कलकत्त्यात १७२४ मध्ये बांधलेले त्यांचे चर्च आजही उभे आहे. सुरतेस त्यांची जुनी दफनभूमी आहे, मुंबईच्या कोटात त्यांचे प्रार्थनास्थळ आहे, आणि त्यांच्या भाषेतील पहिले नियतकालिक १७९४ मध्ये निघाले ते मद्रासेत! जेथे जावे तेथे आधी प्रार्थनास्थळ, मग शाळा आणि मग छापखाना उभारावा, ही या लोकांची रीत. मंडळ, वाचनालय आणि गणेशोत्सव यांवर पोसलेल्या आपल्या समाजाला ती ओळखीची वाटेल.

मुलाच्या हाती कागद नव्हता, पण घराघरांच्या चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती होत्या आणि शेगडीतला कोळसा होता. त्याने त्या भिंतींवर जहाजे, शिडे आणि सैनिक काढावयास आरंभ केला. गावातील कोख नावाच्या वास्तुविशारदाच्या नजरेस ही चित्रे पडली. त्याने मुलाला रेघ कशी ओढावी, दूरचे व जवळचे कसे दाखवावे याचे प्राथमिक धडे दिले आणि गावचा अधिकारी कझ्नाचेयेव्ह याच्याकडे त्याची शिफारस केली. कझ्नाचेयेव्ह गुणग्राही निघाला. त्याने रंग आणि कागद दिले, आणि १८३० मध्ये सिंफेरोपोल येथे त्याची बदली झाली तेव्हा मुलाला शिक्षणासाठी तो आपल्याबरोबर घेऊन गेला. तेथून काही वजनदार मंडळींच्या खटपटीने १८३३ मध्ये सोळा वर्षांचा होव्हानेस सरकारी खर्चाने सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत दाखल झाला.

राजधानीतील कसोटी

दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यावरून आलेल्या या मुलाला उत्तरेची थंडी मानवेना. प्रकृती वारंवार बिघडू लागली. तरी निसर्गचित्रणाचा अध्यापक वोरोब्योव्ह याच्या हाताखाली त्याची प्रगती झपाट्याने झाली. याच सुमारास झार पहिला निकोलस याने फिलिप तानेर या फ्रेंच सागरचित्रकारास राजधानीत आणविले आणि तरुण आयवाझोव्स्कीला त्याचा साहाय्यक नेमले. तानेरने त्याला शिकविण्याऐवजी रंग घोटण्यासारख्या कामातच गुंतवून ठेवले. १८३६ मध्ये विद्यार्थ्याने गुरूची परवानगी न घेता अकादमीच्या प्रदर्शनात स्वतःची चित्रे ठेवली आणि ती लोकांना फार आवडली. तानेरने झारकडे तक्रार केली. आज्ञाभंग झाला म्हणून झारने ती चित्रे भिंतीवरून उतरविण्याचा हुकूम सोडला.

एकोणीस वर्षांच्या, निर्धन आणि परप्रांतीय मुलाच्या दृष्टीने हा वज्राघातच होता. झारची इतराजी म्हणजे कारकीर्दीचा शेवट. काही महिने त्याने तसेच काढले. पुढे झाउअरवाइड या युद्धचित्रकाराने रदबदली केली, झारने चित्रे स्वतः पाहिली आणि इतराजी दूर झाली. १८३७ मध्ये त्याला अकादमीचे सुवर्णपदक मिळाले आणि त्याचा शिक्षणक्रम मुदतीपूर्वी दोन वर्षे पूर्ण झाला असे मानण्यात आले.

त्याच १८३६ च्या प्रदर्शनात रशियाचा महाकवी पुश्किन त्याला भेटला आणि त्याने आस्थेने चौकशी केली. अवघ्या काही महिन्यांत पुश्किन द्वंद्वयुद्धात मारला गेला. ती एक भेट आयवाझोव्स्कीने जन्मभर जपली. पुढे समुद्रकिनारी उभा असलेला पुश्किन हा विषय त्याने अनेकदा रंगविला, आणि त्यांतील एका चित्रात पुश्किनची आकृती रेपिन या विख्यात चित्रकाराकडून काढवून घेतली. संगीताचीही त्याला गोडी होती. लहानपणी ऐकलेल्या तातार चाली तो व्हायोलिनवर वाजवीत असे, आणि त्यांतील काही ग्लिंका या संगीतकाराने आपल्या संगीतिकेत योजल्या.

इटलीत सापडलेली वाट

सुवर्णपदकाबरोबर परदेशी जाण्याची संधी चालून आली. त्यापूर्वी दोन उन्हाळे त्याने क्रिमियात घालविले आणि १८३९ मध्ये काळ्या समुद्रातील आरमाराबरोबर सफर केली. लाझारेव्ह, कोर्निलॉव्ह, नाखिमॉव्ह या आरमारी अधिकाऱ्यांशी त्याचा स्नेह जुळला तो तेव्हाच. जहाजाची दोरी न् दोरी आणि शिडाचा प्रत्येक ताण त्याने तेथे पाहून घेतला. पुढे मनाने समुद्र रंगविणाऱ्या या कलावंताने प्रत्यक्ष पाहण्यात कसूर केली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१८४० मध्ये तो इटलीस गेला. व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावर आर्मेनियन धर्मपंडितांचा मठ आहे. त्याचा थोरला भाऊ गॅब्रिएल लहान वयातच तेथे गेला होता आणि विद्वान म्हणून नाव मिळवीत होता. वर्षानुवर्षे दुरावलेल्या दोघा भावांची तेथे भेट झाली. आपल्या आडनावाचे जुने रूप टाकून आयवाझोव्स्की हे रूप चित्रकाराने स्वीकारले, ते या भेटीनंतर. हाच गॅब्रिएल पुढे काही काळ पॅरिसमधील एका आर्मेनियन विद्यालयाचा प्रमुख झाला. ते विद्यालय उभे राहिले होते मद्रासच्या सॅम्युएल मूरात या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या देणगीतून. विखुरलेला समाज एकमेकांना कसा धरून राहतो, त्याचा हा एक नमुना.

इटलीतच त्याला आपली खरी वाट सापडली. नेपल्सच्या परिसरातील किनाऱ्यावर एक देखावा समोर बसून रंगविण्यात त्याने कित्येक दिवस घालविले. त्यानंतर सूर्यास्ताची आणि चांदण्याची चित्रे केवळ आठवणीतून, थोड्याच वेळात काढली. सारी एकत्र मांडली तेव्हा लोकांची गर्दी आठवणीतल्या चित्रांपुढे झाली. त्याने यातून जो बोध घेतला तो जन्मभर सोडला नाही. त्याचे म्हणणे असे की, डोंगर, घर किंवा झाड समोर ठेवून काढता येते, कारण ते थांबते. लाट थांबत नाही, वीज थांबत नाही, वाऱ्याचा झोत थांबत नाही. कुंचला उचलेपर्यंत ती लाट गेलेली असते. म्हणून चित्रकाराने नीट पाहावे, मनात साठवावे आणि मग पाठ फिरवून रंगवावे. ज्याची स्मरणशक्ती दुबळी त्याने हवी तर हुबेहूब नक्कल करावी. जिवंत समुद्र त्याच्या हाती लागणार नाही.

इटलीत त्याचे नाव गाजू लागले. सृष्टीच्या आरंभीचा कल्लोळ दाखविणारे त्याचे चित्र पोप सोळाव्या ग्रेगरीने व्हॅटिकनसाठी घेतले. ते आज सान लाझारोच्या मठात आहे. वृद्ध इंग्रज चित्रकार टर्नर त्याचे नेपल्सच्या चांदण्यातील चित्र पाहून भारावला, अशी आख्यायिका आहे. १८४३ मध्ये पॅरिसला लूव्र येथे त्याची चित्रे झळकली आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. याच प्रवासात बिस्केच्या उपसागरात त्याचे जहाज भयंकर वादळात सापडले आणि तो बुडाल्याची वार्ताही युरोपात पसरली. तो वाचला. त्या रात्रीच्या लाटा पुढे पन्नास वर्षे त्याच्या चित्रांतून उसळत राहिल्या.

गावाकडे परत

१८४४ मध्ये तो रशियास परतला तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी त्याला अकादमीचे सदस्यत्व आणि आरमाराच्या मुख्यालयाचा चित्रकार हे पद मिळाले. राजधानीत राहून दरबारी वैभव उपभोगण्याची सर्व सोय होती. ज्या काळी कलावंताची दृष्टी पीटर्सबर्ग, पॅरिस आणि रोम यांपलीकडे जात नसे, त्या काळी त्याने फिओदोसियाच्या किनाऱ्यावर जागा घेतली आणि १८४५ मध्ये घर बांधावयास काढले. अनेकांना हा वेडेपणा वाटला. त्याला मात्र पीटर्सबर्गचा हिवाळा नको होता, आणि गाव हवे होते. पुढील वर्षी त्याच्या कारकीर्दीच्या दहा वर्षांचा सोहळा गावाने केला, तेव्हा कोर्निलॉव्हच्या आधिपत्याखाली युद्धनौकांचा ताफा शिडे उभारून बंदरात मानवंदनेस आला.

या घरातील चित्रशाळा साधी, भिंती बिनसजावटीच्या. खिडक्या अंगणाकडे. सकाळी किनाऱ्यावर मनसोक्त हिंडून आल्यावर तो आत शिरे आणि समुद्राकडे पाठ करून कामास लागे. आकाश तो एकाच बैठकीत पुरे करी, कारण आकाशाचा रंग दुसऱ्या दिवशी जुळत नाही असा त्याचा अनुभव होता. लाटेच्या माथ्यावर तो पातळ, पारदर्शक रंगाचे थर असे चढवी की उन्हाचा किरण पाण्यातून आरपार आल्याचा भास होई. प्रेक्षक चित्राच्या मागे मेणबत्ती लावली आहे काय, असा संशय घेत, अशा कथा सांगितल्या जातात.

१८५० मध्ये त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र तयार झाले. त्याचे नाव नववी लाट. वादळात लाटा चढत्या क्रमाने येतात आणि नववी सर्वांत प्रचंड असते, अशी दर्यावर्दी लोकांची जुनी समजूत आहे. सव्वादोन मीटर उंच आणि सव्वातीन मीटरहून अधिक रुंद अशा या चित्रात रात्रभराच्या वादळानंतरची पहाट आहे. जहाज बुडाले आहे. तुटलेल्या डोलकाठीला बिलगून काही माणसे तरंगत आहेत, आणि समोरून ती प्रचंड लाट उठली आहे. पण तिच्या पाठीमागे सूर्य उगवतो आहे, आणि पाणी हिरवे-सोनेरी झाले आहे. माणसे वाचतील की बुडतील हे चित्रकार सांगत नाही. ती एकमेकांना सोडीत नाहीत, एवढेच तो दाखवितो. हे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे.

१८५३ मध्ये क्रिमियाचे युद्ध पेटले. सिनोपच्या आरमारी लढाईची चित्रे त्याने रंगविली, आणि शत्रूने वेढलेल्या सेव्हास्टोपोलमध्ये जाऊन चित्रांचे प्रदर्शन भरविले. त्याचे आरमारी मित्र कोर्निलॉव्ह आणि नाखिमॉव्ह त्याच वेढ्यात मारले गेले.

दोष आणि दुःख

इतके यश पाहून त्याचे सारेच निर्दोष होते असे समजू नये. तो फार वेगाने रंगवी, फार रंगवी आणि पुष्कळदा तेच ते रंगवी. तीच डोलकाठी, तेच चांदणे, तोच मावळता सूर्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन चित्रकार शेतकऱ्याचे आणि मजुराचे जिणे रंगवू लागले, तेव्हा आयवाझोव्स्कीची स्वप्निल वादळे नव्या पिढीला जुनाट आणि नाटकी वाटू लागली. त्यातील काही टीका खरी होती. त्याने वादविवाद केला नाही. १८८१ मध्ये त्याने काळा समुद्र हे चित्र पुढे ठेवले. त्यात फुटलेले जहाज नाही, बुडणारी माणसे नाहीत, झगझगीत सूर्यही नाही; फक्त ढगाळ आकाशाखाली क्षितिजापर्यंत पसरलेले, खवळू पाहणारे पाणी. दूर एक शीड, तेही जेमतेम दिसेल न दिसेल असे. टीकाकारांनाही त्यापुढे थांबावे लागले.

घरातले सुख त्याला उशिरा लाभले. १८४८ मध्ये त्याने ज्युलिया ग्रेव्ह्ज या इंग्रज शिक्षिकेशी विवाह केला आणि चार मुली झाल्या. पत्नीला फिओदोसियाचे आडगावातले जिणे रुचले नाही. सुमारे बारा वर्षांनी ती मुलींसह निघून गेली. ज्या गावासाठी त्याने राजधानी सोडली त्याच गावापायी संसार मोडला, असे म्हटले तरी चालेल. १८७७ मध्ये विवाह रद्द झाला आणि १८८२ मध्ये त्याने ॲना या आर्मेनियन विधवेशी पुनर्विवाह केला. हा संसार अखेरपर्यंत टिकला.

गावाचे ऋण

गावाकडे परतणारे पुष्कळ असतात. गावासाठी काही करणारे थोडे. आयवाझोव्स्की दुसऱ्या प्रकारचा. १८६५ मध्ये त्याने आपल्या घरी चित्रकलेची शाळा काढली. फिओदोसियाच्या परिसरातील प्राचीन थडग्यांचे उत्खनन करून घेतले आणि १८७१ मध्ये टेकडीवर स्वखर्चाने पुराणवस्तूंचे संग्रहालय बांधले. १८८० मध्ये घराला जोडून चित्रदालन उघडले. भाऊ गॅब्रिएलने गावी आर्मेनियन विद्यालय काढले, त्यास त्याने साहाय्य केले. १८९२ मध्ये फिओदोसियास रेल्वे आली आणि पाठोपाठ नवे बंदर झाले. त्यासाठीही त्याने वर्षानुवर्षे खटपट केली होती.

पण गावाने सर्वाधिक आठवण ठेवली ती पाण्याची. समोर अथांग समुद्र आणि प्यावयास पाणी नाही, ही किनाऱ्यावरच्या गावांची जुनी व्यथा. आपल्या कोकणातही मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की तिची प्रचीती येते. फिओदोसियात उन्हाळ्यात पाण्याची अशी टंचाई होई की गरिबांना ते विकत घ्यावे लागे. गावापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आयवाझोव्स्कीच्या मालकीच्या जमिनीत सुबाश नावाचा झरा होता. १८८७ मध्ये त्याने या झऱ्याचे रोजचे पन्नास हजार बादल्या, म्हणजे आजच्या मापाने सुमारे सहा लाख लिटर, पाणी गावाला कायमचे देऊन टाकले. नळ घातले गेले आणि १८८८ मध्ये गावात पाणी आले. त्यासाठी त्याने स्वतः आखलेले, पौर्वात्य धाटणीचे दगडी कारंजे चौकात उभे राहिले. आयुष्यभर खारे पाणी रंगविणाऱ्याने गावाला गोडे पाणी दिले!

पदके समुद्रात

तुर्कस्तानशी त्याचे नाते गुंतागुंतीचे होते. इस्तंबूल त्याला अतिशय प्रिय होते. बॉस्फरसची सामुद्रधुनी, मिनार आणि चांदणे त्याने असंख्य वेळा रंगविले. सुलतान अब्दुल अझीझ याने त्याच्याकडून अनेक चित्रे करून घेतली आणि मानाची पदके दिली. ती चित्रे दोल्माबाह्चे राजवाड्यात लागली.

१८९४ ते १८९६ या काळात सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या राज्यात आर्मेनियन लोकांची भीषण कत्तल झाली. घरदार सोडून पळालेले निर्वासित काळा समुद्र ओलांडून क्रिमियाच्या किनाऱ्याला लागले. जवळजवळ ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या चित्रकाराने त्यांना आश्रय दिला, मदत उभी केली. तुर्कस्तानकडून मिळालेली सारी पदके त्याने समुद्रात फेकून दिली. आयुष्यभर वादळांत देखणेपणा शोधणाऱ्या त्याच्या कुंचल्याने या वेळी कत्तलीची चित्रे काढली. त्याची भाषा रशियन झाली होती, मानमरातब रशियाचा होता, घर क्रिमियात होते. ज्या आर्मेनियात त्याचे पूर्वज नांदले तो सोडून पिढ्या लोटल्या होत्या. तरी वेळ आली तेव्हा आपण कोण, याविषयी त्याच्या मनात शंका उरली नाही.

अखेरची लाट

म्हातारपणीही त्याचा हात थकला नाही. १८९२ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी तो अटलांटिक ओलांडून अमेरिकेस गेला आणि नायगाराचा धबधबा पाहून आला. १८९८ मध्ये लाटांमध्ये हे सव्वाचार मीटरहून रुंद असे प्रचंड चित्र त्याने अवघ्या दहा दिवसांच्या आसपास पुरे केले. त्यात जहाज नाही, माणूस नाही, किनारा नाही. काळ्या ढगांतून एक किरण खाली आला आहे आणि त्या किरणाखाली पाणी उजळले आहे. ऐंशी वर्षांच्या आठवणीतून जे गाळावयाचे ते गाळून मागे उरलेला हा समुद्र आहे. हे चित्र त्याने विकले नाही. ते फिओदोसियासाठी ठेवले.

२ मे १९०० रोजी त्याचे झोपेत निधन झाले. आदल्या दिवशी सुरू केलेले जहाजाच्या स्फोटाचे चित्र घोडीवर अपुरे राहिले. ज्या सेंट सार्किस चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच्याच आवारात त्याला मूठमाती देण्यात आली. चित्रदालन, त्यातील चित्रांसह, त्याने मृत्युपत्राने फिओदोसिया गावाला अर्पण केले होते.

पुढची कथाही सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा क्रिमियावर चालून आल्या तेव्हा दालनातील चित्रे खोक्यांत भरून हलविण्यात आली. फिरत फिरत ती पोहोचली आर्मेनियाची राजधानी येरेवान येथे, आणि युद्धाची धग ओसरेपर्यंत तेथेच सुरक्षित राहिली. पिढ्यान् पिढ्यांपूर्वी पूर्वजांनी सोडलेल्या भूमीने, संकटकाळी, दूर जन्मलेल्या आपल्या लेकराची ठेव सांभाळली. शांतता झाल्यावर ती फिओदोसियास परत गेली. आज त्या दालनात त्याची चारशेहून अधिक चित्रे आहेत.

तो कोणाचा?

क्रिमियाच्या नशिबातील लाटा अजून शमलेल्या नाहीत. सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाल्यावर हे द्वीपकल्प युक्रेनमध्ये राहिले. २०१४ मध्ये रशियाने ते ताब्यात घेतले, ज्यास बहुसंख्य राष्ट्रांनी मान्यता दिली नाही. २०२२ मध्ये मोठे युद्ध भडकले. त्याबरोबर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या या चित्रकाराच्या मालकीचाही वाद उफाळून आला. रशियन म्हणतात तो आमचा. २०१६ मध्ये मॉस्कोतील त्याच्या प्रदर्शनास सुमारे सहा लाख माणसे लोटली होती. युक्रेनियन म्हणतात, त्याचे गाव आमच्या देशातले. आर्मेनियन म्हणतात, त्याचे रक्त आणि बाप्तिस्मा आमचा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याच्या चित्राखालील पाटीवर रशियनच्या जागी युक्रेनियन असे लिहिले. त्यावर आक्षेप आले आणि पाटी पुन्हा बदलून तो आर्मेनियन असून त्याचा जन्म रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये झाला, असे नोंदविण्यात आले.

तुम्ही मूळचे कुठले, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. शाळेच्या दाखल्यापासून शेजाऱ्यांच्या चौकशीपर्यंत तो आपला पाठलाग करतो. येथे जन्मलेल्या आपल्या मुलांना तर उत्तर देताना क्षणभर अडखळावे लागते. आयवाझोव्स्कीने या प्रश्नाचे उत्तर पाटीवर लिहून ठेवले नाही; जगून दाखविले. पूर्वजांची भूमी त्याने मनात ठेवली आणि तिच्या लेकरांवर प्रसंग गुदरला तेव्हा तो त्यांच्या पाठीशी उभा राहिला. ज्या गावाने त्याला वाढविले, त्या गावी तो परतला, आणि तेथे शाळा, संग्रहालय आणि पाणी आणले. एकाशी इमान राखण्यासाठी दुसऱ्याला विसरावे लागते, असे त्याला कधी वाटले नाही.

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीकडे पाहताना हे चरित्र आठवावे, एवढ्याचसाठी ते येथे सांगितले. गावचा धक्का आपल्या मनात आहे तसाच राहू द्यावा. नातवंडांना तो मोठा करूनच सांगावा. आणि ज्या नगरीने आपल्याला आसरा दिला, तिच्या चौकात आपल्या हातून एखादे कारंजे उभे राहिले आहे काय, याचाही अधूनमधून विचार करावा.